गुलमर्ग की औली? तिकीट काढण्याआधी या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या इंदूरच्या घरात एक वाद दरवर्षी रंगतो. यंदा बर्फात जायचं तर कुठे? शेवेचा डबा मधे, दोन मोबाईल समोरासमोर. एकावर गुलमर्गचे फोटो, दुसऱ्यावर उत्तराखंडातल्या औलीचे. भाऊजींचा ठरलेला मुद्दा असतो, "गुलमर्गला गंडोला आहे, औलीला काय आहे?"

पहिली चूक इथेच होते. गंडोला, म्हणजे तिथली केबल कार, भारी आहे, वादच नाही. पहिला टप्पा मधल्या कोंगडोरी स्थानकाला सोडतो, दुसरा थेट अफरवट डोंगराच्या अंगावर, साधारण 3,950 मीटरवर. पण वरून स्कीवर खाली येणं हे पट्टीच्या माणसाचं काम आहे. तिथला बराचसा उतार सपाट करून, खुणा लावून दिलेला नसतो, आणि हिमस्खलनाची भीती खरी असते. 2024 च्या फेब्रुवारीत तिथे परदेशी स्कीअर बर्फाखाली सापडले होते, एकाचा जीव गेला. पायाला पहिल्यांदा स्की बांधणारा माणूस शिकतो तो खाली 2,650 मीटरवरच्या मोकळ्या मैदानावर. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. म्हणजे शिकायचंच असेल तर गंडोलावरून ठिकाण ठरवण्यात अर्थ नाही. नुसतं वर जाऊन बघायचं असेल तर तिकीट इंदुरातूनच ऑनलाइन काढून ठेवा. जोराचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून बुकिंग मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचं करू नका.

औलीच्या रोपवेचे जुने व्हिडिओ बघून भुलणारेही बरेच. जोशीमठहून वर जाणारा तो 4 किलोमीटरचा रोपवे 2023 च्या जानेवारीत जमीन खचू लागली तेव्हा बंद करण्यात आला. रस्त्यानेच जायचं आहे असं धरून चाला. औलीतली चेअरलिफ्ट वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, नाताळची सुट्टी. मुलांची शाळा बंद म्हणून आम्हीही एकदा डिसेंबरच्या शेवटी औली गाठलं. समोर नंदादेवी झळझळीत, आणि पायाखाली तपकिरी गवत! झाडांच्या सावलीत चादरीएवढा बर्फ उरला होता, त्यावर फोटोसाठी चार कुटुंबं रांगेत. भाड्याने घेतलेले गमबूट चिखलात भरले ते वेगळंच. काश्मीरमधला चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याचे चाळीस दिवस, सुरूच मुळी 21 डिसेंबरला होतो. स्कीला लागणारा थर बसायला त्यापुढे वेळ लागतो. म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ बरा. तरी हमी नाहीच. 2024 चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळजवळ कोरडा गेला, आणि 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

डिसेंबरशिवाय जमतच नसेल तर मी गुलमर्ग म्हणेन. तेव्हा मात्र भाऊजींचा गंडोला खरा कामाला येतो. खाली गवत असलं तरी वर बर्फ मिळण्याची शक्यता जास्त. पण मग स्कीचं पॅकेज इथूनच पैसे भरून घेऊ नका. तिथे पोहोचा, बर्फ बघा, मग काय ते ठरवा.

अंतराचा हिशेबही असाच फसतो. "हरिद्वारला थेट गाडी आहे, पुढे काय, टॅक्सी." पुढे ऋषिकेश ते जोशीमठ 250 किलोमीटर घाट आहे, तो अख्खा दिवस खातो आणि उलट्या होणारं पोर सोबत असेल तर जीवही. येताना पुन्हा तेच. पाच दिवसांच्या रजेत औलीला हाताशी जेमतेम दोन दिवस उरतात. उलट श्रीनगर विमानतळावर उतरलात की गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. ताज्या बर्फात वाटेतल्या तंगमर्गला चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, त्याचे पैसे आधीच विचारून घ्या. इंदूरहून मालवा एक्सप्रेसने कटरा आणि तिथून वंदे भारतने श्रीनगर, हा रस्ताही 2025 च्या जूनपासून खुला झालाय. बर्फ पडला की विमानं रद्द होतात, तेव्हा परतीआधी एक दिवस मोकळा ठेवाच. आणि बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला एक तरी नंबर पोस्टपेड हवा.

मग औली कोणासाठी? ज्याला खरंच शिकायचंय त्याच्यासाठी. गढवाल मंडल विकास निगमचे तिथे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. बाजार नाही, शिकारा नाही, पश्मिना नाही. सकाळी उठा, पडा, उठा, जेवा, झोपा. तासाभराच्या "स्की करून बघा"मध्ये फक्त पडणं शिकून होतं. आजी, लहान मुलं, नवविवाहित जोडपं अशी वरात असेल तर मात्र गुलमर्ग. स्की न करणाऱ्यालाही तिथे दिवस घालवता येतो.

दोन्हीकडे हमखास होणारी गडबड म्हणजे बूट. आपण थंडीला घाबरून दोन-दोन लोकरी मोजे चढवतो. पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही, आणि बोटं जास्तच गारठतात. एकच लांब मोजा घाला. बूट घालून ताठ उभं राहिलात की बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, लगेच बदला. भाड्याने देणारा "चलेगा, चलेगा" म्हणेल, ऐकू नका. जीन्स तर नकोच, ती भिजली की वाळत नाही.

आणि दर वळणाला स्की पायातून सुटत असेल तर दोष उताराचा नसतो. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड माणसाच्या वजनाप्रमाणे घट्ट-सैल करतात. आमच्या आत्याने चारचौघांत वजन दहा किलो कमी सांगितलं होतं. दिवसभर तिची डावी स्की तिच्याआधी खाली पोहोचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच दुकानात गेली, आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं आणि त्या पोराच्या कानात खरा आकडा सांगितला.