सुगीनंतर घरात शिरणारे उंदीर: ओळख आणि बंदोबस्त

खरिपाची सुगी उरकून सोयाबीन, बाजरी, मका आणि भात शिवारातून उचलला गेला, की उंदरांचे अन्न आणि आडोसा एकदमच नाहीसा होतो. नेमक्या त्याच दिवसांत घरात पोती येऊन पडतात, गोठ्याशेजारी कडब्याची गंजी रचली जाते आणि रात्री गार होऊ लागतात. साहजिकच ऑक्टोबरअखेरपासून पुढे दोन-तीन महिने गावातील आणि मळ्यातील घरांत उंदरांचा उपद्रव वाढतो. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम विषाच्या पाकिटाकडे जातो. हा क्रम उलटा आहे, कारण पोत्यांतील धान्य उघडे असेपर्यंत उंदीर विषारी आमिषाला फारसे विचारत नाहीत. आधी धान्य बंद करावे, मग वाटा बुजवाव्यात, मग चाप लावावेत, आणि एवढे करूनही भागले नाही तरच विषाचा विचार करावा.

घरात नेमके कोण आले आहे, हे उंदीर दृष्टीस पडण्याआधी त्याच्या लेंड्यांवरून कळते. घरउंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर लांब, काळी आणि टोकदार असते. माळ्यावर, कौलांखाली वावरणाऱ्या मोठ्या काळ्या उंदराची लेंडी १० ते १२ मिलिमीटर भरते. पालीची लेंडीही आकाराने अशीच दिसते, परंतु तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, त्यामुळे फसगत होण्याचे कारण नाही. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत असते, जुनी करडी पडते आणि काडीने दाबताच तिचा भुगा होतो. उपद्रव चालू आहे की जुना आहे हे ठरवण्यासाठी सगळ्या लेंड्या एकदा स्वच्छ कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कोठे पडल्या ते पाहावे. वाट शोधायची असेल तर रात्री निजण्यापूर्वी भिंतीच्या कडेने चाळलेली राख किंवा रांगोळी पातळ पसरावी. सकाळी तिच्यावर पावलांचे ठसे आणि अनेकदा मध्ये शेपटी घासल्याची रेघही दिसते. यासाठी पीठ वापरू नये, तो उंदरांना दिलेला फराळच ठरतो.

बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला, तर ते काम घुशीचे समजावे. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. लांब सोंडेसारखे तोंड, बारीक डोळे आणि उग्र वास असलेला हा प्राणी मुख्यतः झुरळे व किडे खातो. धान्याच्या नासाडीसाठी त्याला जबाबदार धरून विष घालण्यात अर्थ नाही.

घरउंदीर दिवसाला जेमतेम ३ ग्रॅम धान्य खातो, म्हणून त्याच्याकडे काणाडोळा केला जातो. पण तोच उंदीर दिवसाला ५० किंवा त्याहून अधिक लेंड्या टाकतो आणि लघवीने धान्य नासवतो, त्यामुळे खाल्ल्यापेक्षा नासलेले धान्यच अधिक असते. मादीचा गर्भकाळ सुमारे २० दिवसांचा असून एका वेताला साधारण ५-६ पिले होतात आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत विणीला येतात. दिवाळीत दुर्लक्षित राहिलेल्या एका जोडीची होळीपर्यंत केवढी पिलावळ होते, याचा हिशेब यावरून करता येईल.

धान्य साठवण्यासाठी घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी सर्वांत खात्रीची. कोठीच्या खालच्या तोंडाचे झाकण ढिले राहिले तर वरचा बंदोबस्त वाया जातो, म्हणून भरण्यापूर्वी ते तपासावे. धान्य चांगले वाळवूनच भरावे. ओलसर धान्याला बंद कोठीत बुरशी लागते आणि उंदरांपासून वाचवलेले धान्य बुरशीने जाते. पोती ठेवणे भागच असेल, तर ती लाकडी फळ्यांवर रचावीत आणि भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडावी. भिंतीला टेकून लावलेल्या थप्पीमागे काय चालले आहे हे थप्पी उपसेपर्यंत कळत नाही. कडब्याची गंजी आणि सरपणही घराच्या भिंतीला लागून नसावे.

घरउंदराच्या पिलाला ६ मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जेमतेम जाईल एवढी फट पुरते. दाराखालची फट, मोरीचा पाइप, विजेच्या तारा आत येतात ते भोक आणि कौल किंवा पत्रा भिंतीवर टेकतो ती जागा, या चार ठिकाणी आधी पाहावे. लहान भोकांत भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट लिंपावे. नुसती माती किंवा कापडाचा बोळा उंदीर एका रात्रीत कुरतडून काढतात. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी, मोरीला बारीक जाळी बसवावी. कापराच्या वड्या, डांबराच्या गोळ्या किंवा आवाज करणारी विजेची यंत्रे यांवर मात्र विसंबू नये. डांबराच्या गोळ्या धान्यात तर कधीच टाकू नयेत.

चाप किंवा पिंजरा खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीला लागून, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच चालतात. तेल लावलेला भाकरीचा तुकडा, शेंगदाणा किंवा सुकट यांपैकी काहीही चालते. घरउंदीर आपल्या ठिकाणापासून फार लांब फिरत नाही. त्यामुळे एकच चाप रोज इकडून तिकडे हलवण्यापेक्षा एकाच रात्री चार-पाच चाप दोन-दोन मीटरवर लावणे फायद्याचे. मोठा काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी पिंजरा पहिले दोन-तीन दिवस आमिष घालून उघडाच ठेवावा.

घरात विष वापरण्याची वेळ आलीच, तर ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनची तयार वडीच घ्यावी आणि ती भोके पाडलेल्या बंद डब्यात, मुले व जनावरे पोहोचणार नाहीत अशी ठेवावी. तिने उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जातात. मेलेले उंदीर हातमोजे घालून उचलावेत आणि खोल पुरावेत. ते खाऊन मांजर, कुत्रे किंवा उंदरांवर जगणारे गव्हाणी घुबडही दगावू शकते. झिंक फॉस्फाइड घरात वापरू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्याने विषारी वायू निघतो. झोपण्याच्या खोलीशेजारच्या धान्यात त्या ठेवल्यामुळे माणसे दगावली आहेत. या गोळ्यांच्या विषबाधेवर आणि उंदीर मारण्यासाठीच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के हा उतारा आहे, परंतु तो डॉक्टरांनीच द्यायचा असतो. कोणाच्या पोटात विष गेल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करावा आणि पाकीट सोबत न्यावे.

लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत; ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसाव्यात. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो, म्हणून हातापायाला जखम असणाऱ्याने हे काम करू नये. उंदरांमागे सापही घरात येतो. धामण दिसली तर ती मारू नये; ती बिनविषारी असून उंदीर फस्त करते. मात्र साप ओळखता येत नसेल तर जवळ न जाता सर्पमित्राला बोलवावे.

शेडमध्ये गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टरची वायरिंग आणि मोटारीच्या स्टार्टरची पेटी यांकडे सुगीच्या गडबडीत कोणी पाहत नाही. नळ्यांची वेटोळी जमिनीवर न ठेवता तारेने उंच टांगावीत, स्टार्टरच्या पेटीतील केबलची भोके बुजवावीत आणि पंधरा दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टर चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून आत घरटे नाही ना हे पाहावे.