हाउस की टेक्नो? ओळखताना या चुका टाळा

स्पीकरमधून एकसारखा धप्-धप्-धप्-धप् ठोका आला, की आपल्याकडे बहुतेक जण ‘टेक्नो लावलंय’ म्हणून मोकळे होतात. तरुण असतील तर ‘ईडीएम’ (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) म्हणतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हाउस आणि टेक्नो हे या नाचाच्या संगीताचे दोन वेगळे प्रकार, आणि त्या दोन नावांमागे दोन शहरं आहेत आणि ऐकण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत. त्या एकदा कानात बसल्या की दोन्ही संगीतांची गोडी वाढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किकवरून, म्हणजे त्या धप् ठोक्यावरून, ओळखायला जाणं. दर मात्रेला एक जड ठोका, हा पाया दोघांचाही आहे. केवळ त्रितालाचा ठेका ऐकून राग ओळखायला निघावं, तसं ते होतं. कान ठेवायचा तो दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत.

हाउसमध्ये त्या जागेत बरोबर अर्ध्या मात्रेवर उघडी हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) येते: धप्-त्स्, धप्-त्स्. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळीसारखा क्लॅप. बारीक ठोके बऱ्याचदा किंचित मागे रेंगाळतात, आणि त्या रेंगाळण्यामुळेच कंबर हलते. खाली बेसलाइन, म्हणजे खर्जातली सुरावट, असते ती गुणगुणता येईल अशी. वर पियानो किंवा ऑर्गनचे कॉर्ड, आणि कितीदा तरी चर्चमधल्या गॉस्पेलच्या वळणाचा मोकळा आवाज. हे सगळं डिस्कोकडून आलेलं आहे.

टेक्नोमध्ये बारीक ठोके सहसा सरळ, काटेकोर पडतात. बेस अनेकदा सुरावट नसतोच. किकच्या मागे घुमणारी गडगड असते. सिंथचा (सिंथेसायझरचा) एखादा छोटा तुकडा पाच-सात मिनिटं फिरत राहतो आणि बदलतो तो त्याचा पोत: आवाज दाबणारा किंवा मोकळा करणारा फिल्टर हळूहळू उघडतो, आवाज खरखरीत होतो, पुन्हा मिटतो. माणसाचा आवाज असलाच तर एखाद्या शब्दापुरता. नवीन ऐकणाऱ्याला हे ‘एकसुरी’ वाटतं, कारण तो पुढच्या कडव्याची वाट बघत असतो. इथे कडवं येणार नाही. विलंबित ख्यालात बढत ऐकताना जो धीर धरतो, तोच इथेही धरायचा.

मी एक साधी परीक्षा घेतो. ट्रॅक बंद करायचा आणि तोंडाने काय निघतंय ते पाहायचं. बेस किंवा गाण्याची ओळ निघाली, तर बहुधा हाउस. नुसता खळखळाट किंवा गुरगुर निघाली, तर बहुधा टेक्नो.

‘वेग जास्त म्हणजे टेक्नो’ हा समजही सोडा. हाउस साधारण ११८ ते १२८ बीपीएममध्ये (मिनिटाला इतके ठोके) असतं. टेक्नो १२५ च्या आसपास सुरू होऊन आज सर्रास १४० च्या पुढे जातं. म्हणजे १४५ चा ट्रॅक हाउस नसेल हे सांगता येतं, पण १२६ हा आकडा काहीच सांगत नाही.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त त्रास होतो ती: ही दोन्ही संगीतं युरोपची आहेत असं मानणं. टेक्नोसाठी गाजलेला बर्लिनचा ट्रेझर क्लब उघडला १९९१ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला होता. तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवत आणि नाचायला येणारे बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण असत. हाउस हे नाव त्या क्लबवरूनच आलं, असं शिकागोत सांगतात. त्याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड जाहीरपणे स्फोटाने उडवल्या गेल्या. डिस्को संपली असं जाहीर करणाऱ्या त्या शहरातच ती ड्रम मशीन घेऊन पुन्हा उभी राहिली. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्स यांची रेकॉर्ड आली, तिला बरेच जण पहिली हाउस रेकॉर्ड मानतात.

टेक्नो अमेरिकेतल्याच डेट्रॉइटचं. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेलं ते शहर. शेजारच्या बेलव्हिलमधल्या शाळेतले तीन मित्र, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, रेडिओवर फंक आणि जर्मनीचा क्राफ्टवर्क हा इलेक्ट्रॉनिक बँड एकत्र ऐकत मोठे झाले. त्यांना यंत्रातून उद्याचं जग ऐकू येत होतं.

आणि तरीही नावांची सरमिसळ त्यांच्याही दारात होती. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या कलाकारांचा संग्रह निघाला, त्याचं आधी ठरलेलं नाव होतं ‘द हाउस साउंड ऑफ डेट्रॉइट’. ॲटकिन्स यांच्या ट्रॅकच्या नावात ‘टेक्नो’ होतं, तो शब्द शेवटी संग्रहाच्या शीर्षकात गेला. त्याच संग्रहात सॉन्डरसन यांचं ‘बिग फन’ आहे: गायिका, उमदे कॉर्ड, गुणगुणावीशी बेसलाइन. वरच्या परीक्षेत ते हाउस ठरेल. जन्मगाव आणि घडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी ठरवू नका.

अभिमानाच्या भरात होणारी एक चूक आपली खास आहे: ‘ॲसिड हाउस (टीबी-३०३ या यंत्राच्या घसरत्या आवाजावर उभा असलेला हाउसचा प्रकार) मुंबईत जन्मलं.’ हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेस-सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन वापरून दहा रागांची डिस्को-रेकॉर्ड केली, हे खरं. शिकागोच्या फ्युचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ मध्ये. पण सिंग यांची रेकॉर्ड तेव्हा फारशी खपलीच नाही, आणि ती शिकागोपर्यंत पोचल्याचा काही पुरावा नाही. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. सिंग यांना तीत मींड सापडली, शिकागोकरांना वेगळंच काही सापडलं. एवढं खरं असताना खोटा वारसा कशाला सांगायचा? (आणि हणजूणच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेला गोवा ट्रान्स यांपैकी कुठलाच नाही. १४० च्या वरचा वेग आणि एकावर एक चढत जाणाऱ्या सुरावटी, ही त्याची ओळख.)

इतकं करूनही फरक कळत नसेल, तर आधी फोनचा स्पीकर बंद करा. त्यातून खालचे सूर येतच नाहीत. बेसलाइन गळून पडते, उरतात फक्त हाय-हॅट, मग सगळं सारखंच वाटणार. साधा इअरफोनही चालेल. ॲपवरच्या प्लेलिस्टच्या नावावर विसंबू नका. आणि काही ट्रॅक खरोखरच दोन्हीकडचे असतात. त्यांना टेक हाउस म्हणतात. त्यांना ओढूनताणून एका खणात कोंबू नका.

घरी मिक्सिंग, म्हणजे एका ट्रॅकमधून दुसऱ्यात न तुटता जाणं, शिकणाऱ्यांची अडचण वेगळी. १२४ च्या हाउसवरून १३८ च्या टेक्नोवर थेट उडी मारली की दोन्ही ट्रॅक विस्कटतात. डीजेंच्या नेहमीच्या टर्नटेबलवर वेग ८ टक्केच वाढतो, म्हणजे १२४ चा फार तर १३४ होणार. त्यात की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) नसेल तर सूर अर्धस्वराहून जास्त चढतो आणि गायिकेचा आवाज लहान मुलासारखा होतो. त्यामुळे आधी गाणं नसलेला हाउस ट्रॅक लावा, तिथून १२८–१३० चा टेक्नो, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक मिक्समध्ये नव्या ट्रॅकचा बेस वर आणण्याआधी जुन्याचा पूर्ण खाली घ्या.