आधी स्टॉपची वायर सोडवा, कॉइलचं मग बघू

उजनीच्या फुगवट्यावरून बोटीची मोटर माझ्याकडे येते, तेव्हा मालकाने निदान घरीच करून आणलेलं असतं: "कॉइल गेली." प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी ही कॉइल बऱ्याचदा धडधाकट निघते. माझा हात बसला तो सोलापुरात जुन्या बजाज स्कूटरवर. पॉइंटवाल्या आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे लावतात ती मोटर) फ्लायव्हीलखाली, म्हणजे वरच्या जड चाकाखाली, साधारण तसाच संसार असतो. पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क.

मोटर बोटीतून काढून मोकळ्या जागी आणा, पेट्रोलची टाकी लांब ठेवा, वास जाऊ द्या. प्लग टोपीत घालून त्याची चुडी ब्लॉकच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर. मग दोरी ओढा. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही प्लग टेकलेले हवेत. सीडीआयवाल्या मोटरीत (पॉइंटऐवजी ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी) एक टोपी लोंबकळत राहिली तर सीडीआय जळू शकतो. आपल्याकडच्या उन्हात करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, दिसायचा नाही, सावलीत बघा. निळा, चटचट वाजणारा हवा. नवा प्लग घेताना नंबर जुळवा. एनजीकेच्या नंबरामागे '-१०' असेल तर गॅप १ मिमी.

करंट अजिबात नाही? मोटर बंद करायच्या लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना ते पाहा, आणि स्टॉप बटणाची वायर इंजिनापासून सोडवून परत ओढा. आला करंट, तर बटण किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. पावसाळाभर पडून राहिलेल्या मोटरीत हे फार. उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच. (चाचणीपुरतीच वायर सोडा, नाहीतर मोटर बंद कशी करणार?)

तरीही नसेल तर फ्लायव्हील काढा, पुलरनेच. हातोडा घातला की मॅग्नेट तडकतात. पॉइंट काळे पडलेले असतील तर बारीक कानस फिरवा. एमरी पेपर नको, त्याची कच पॉइंटमध्ये रुतून बसते. मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कोरडी पट्टी मध्ये धरून ओढा. तेलकट डाग कागदावर येतो. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, बहुतेक ०.३५ ते ०.५ मिमीच्या आत. साफ केलेले पॉइंट लगेच जळत असतील तर पॉइंट जळू न देणारा कंडेन्सर बदला, स्वस्त आहे. फ्लायव्हीलची चावीही (चाक दांड्यावर जागेवर धरणारी छोटी धातूची पट्टी) बघून घ्या: अर्धी कापलेली असेल तर करंट झकास येतो आणि मोटर मात्र उलट झटके देते.

आता खरी कॉइलची लक्षणं. मोटर थंड असताना एका दोरीत चालू होते, धरणाच्या मध्यावर तापली की बंद पडते, गार झाली की परत चालू. अशी मोटर गरम असतानाच करंट तपासा. अंधारात टोपीच्या वायरीवर बारीक ठिणग्या पळताना दिसल्या तर ती वायर गेलीय.

सीडीआय सगळ्यात शेवटी. विकत घेण्याआधी शेजारच्या बोटीवरचा त्याच मॉडेलचा मागून लावून बघा.