हिवाळी ट्रेकला हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याचा दम उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला किंवा कुआरी पासला सहज पुरतो. बर्फ कधी सुटेल हे मात्र सह्याद्रीत शिकायची सोय नाही. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की धोक्याचा सगळ्यात भरवशाचा आकडा, म्हणजे उताराचा कोन, पुण्यात टेबलावर बसून काढता येतो.

अख्खा थर फरशीसारखा तुटून घसरतो ते स्लॅब हिमस्खलन बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतं, त्यातही 38 च्या आसपास सर्वाधिक. 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) 40-40 मीटरवर असतील, तर दोन रेषांमध्ये 1.4 मिलिमीटर म्हणजे 30 अंश आणि 1 मिलिमीटर म्हणजे जवळपास 39. रेषा 1.4 मिलिमीटरपेक्षा जवळ आलेला पट्टा पेन्सिलने रंगवा. त्याच्याखालचा नाला आणि सपाटीही रंगवा, कारण सुटलेला बर्फ तिथेच येऊन थांबतो. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामावरचे 54 मजूर गाडले गेले, 8 जण दगावले. ते काही उतार चढत नव्हते, छावणीत होते. तंबूच्या जागेवरून वरच्या बर्फाळ उताराच्या माथ्याकडे क्लिनोमीटर, म्हणजे कोन मोजायचं साधन, धरा. कोन 25 अंशांच्या वर आला तर जागा बदला.

दोन रेषांमध्ये लपलेला छोटा तीव्र टप्पा नकाशात दिसत नाही, म्हणून जागेवर पुन्हा मोजायचं. सारख्या लांबीचे दोन ट्रेकिंग पोल घ्या. एक उताराच्या सरळ रेषेत बर्फावर दाबून खूण उठवा. त्याचं वरचं टोक तिथेच ठेवून खालचं उचला आणि त्या टोकापासून दुसरा पोल ओळंब्यासारखा खाली लोंबू द्या. त्याचं टोक खुणेच्या खालच्या टोकाला टेकलं तर उतार 30 अंश. खुणेच्या खाली गेलं तर दर 10 सेंटिमीटरला साधारण 3 अंश वाढवा. टेकडीच्या गवतावर चार वेळा केलं की हात बसतो.

आता बर्फाकडे. पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून हिमालयात येणारं बर्फाचं वादळी हवामान, येऊन गेला, 24 तासांत 30 सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला, की पुढचे एक-दोन दिवस तीव्र उतार सोडून द्या. वारा असेल तर कमी बर्फातही तेच: वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे रचतो. पायाखाली ‘वुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा बुटापासून भेग पळत गेली, तर थर तपासायला खड्डा खणत बसू नका, मागे फिरा. बर्फ अजून काय सांगणार?

स्लॅब ज्याच्यावरून घसरतो तो खालचा कमकुवत थर बनतो कसा, ते समजलं तर खड्ड्यात काय शोधायचं ते कळतं. जमिनीलगत बर्फ शून्याच्या आसपास असतो. थर 60 सेंटिमीटरचा आणि पृष्ठभाग उणे 12 अंश असेल, तर दर 10 सेंटिमीटरला 2 अंशांचा फरक पडतो. हा फरक 1 अंशाच्या वर गेला की कण एकमेकांना चिकटायचे सोडून टोकदार होत जातात. मुठीत घेतले तर दाणेदार साखरेसारखे सुटे ओघळतात, गोळा होत नाही. म्हणून लडाख-स्पितीसारखा थंड प्रदेशातला पातळ बर्फ फसवा. ‘बर्फ कमीच आहे’ हा दिलासा तिथे खोटा.

खड्डा सुरक्षित जागी, पण जायच्या उताराच्याच दिशेच्या आणि उंचीच्या उतारावर खणा. झाडाखाली नको. भिंत गुळगुळीत करून वरून खाली दाबत या: मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, चाकू, यांतलं काय आत शिरतं ते बघा. वर पेन्सिल लागते आणि लगेच खाली मूठ शिरते, तो सांधा संशयाचा. मग 90 सेंटिमीटर रुंद, चढाच्या दिशेने 30 सेंटिमीटर जाड असा खांब मागून-बाजूंनी कापून मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून 10 थापा मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून मारा. भेग त्याच किंवा पुढच्याच थापेला संपूर्ण खांबाच्या आरपार गेली, तर तो उतार बंद. फक्त फावड्याखालीच मोडली किंवा काहीच मोडलं नाही, तर तेवढ्याने परवानगी मिळत नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो, आणि मीटरभराखालचा कमकुवत थर या चाचणीत बहुधा सापडतच नाही.

चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे पूर्वीच्या ‘सासे’ची, हिमस्खलनाची सूचना बघाच, पण ती मोठ्या भागासाठी असते, तुमच्या नाल्यासाठी नाही. धोक्याच्या पाच पायऱ्यांच्या मापात तिसरी पायरी मधली म्हणून ‘चालतंय’ असं वाटतं. तिथेच माणसं फसतात.

ओलांडायचंच असेल तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत. पोलचे पट्टे मनगटातून काढलेले. ट्रान्सीव्हर (रेडिओ संकेत सोडणारं आणि गाडलेल्याचा संकेत पकडून बाणाने दिशा दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवं, कारण गाडल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. शोधताना मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान 50 सेंटिमीटर लांब ठेवा, नाहीतर बाण उगाच भरकटतो. हा सराव मैदानात पालापाचोळ्याखाली ट्रान्सीव्हर पुरून, गाडीत बसण्याआधीच उरकून घ्या.