अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर टोटलच्या जागी #एरर येतोय? आधी हे बघा

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये बिलाचा फॉर्म केलाय, प्रत्येक ओळीत नग गुणिले दर बरोबर येतंय आणि खाली टोटलच्या खोक्यात मात्र #एरर. बहुतेक वेळा घोळ असा असतो की आपण लिहितो =सम([रक्कम]) (सम म्हणजे Sum, बेरीज करणारं फंक्शन), आणि रक्कम हे तर फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सचं नाव, टेबलात तसं फील्डच नाही. समला फक्त रेकॉर्ड सोर्समधली, म्हणजे फॉर्म ज्या टेबलावर किंवा क्वेरीवर बसवलाय त्यातली, फील्डं कळतात. म्हणून अख्खा हिशोबच आत टाकायचा, =सम([नग]*[दर]), नाहीतर क्वेरीतच रक्कम नावाचा कॉलम काढायचा. मला दुसरं जास्त पटतं, रिपोर्टलाही तेच कामाला येतं.

खोकं फॉर्म फुटरमध्येच ठेवा, पेज फुटरमध्ये सम चालत नाही. आणि फुटरमधलं एक खोकं बिघडलं की शेजारची चांगली खोकीपण #एरर दाखवायला लागतात, त्यामुळे संशय आला तर एकेक काढून बघा.

एरर नाही पण टोटल कमी येतेय? मग रिकाम्या खान्यांकडे बघा. ३ नग, ४५ दर, म्हणजे १३५, अधिक हमाली, पण हमालीचा खाना रिकामा असेल तर अख्खी ओळच रिकामी धरली जाते आणि ते १३५ पण गायब! तिथे एनझेड([हमाली],0) लिहा (एनझेड म्हणजे Nz, रिकाम्या खान्याच्या जागी 0 धरतं), बास.

नवीन ओळ टाकली तरी टोटल हलत नसेल तर डावीकडे पेन्सिलचं चिन्ह दिसतंय का बघा, रेकॉर्ड अजून सेव्ह झालेलं नाही, शिफ्ट एंटर दाबा.