दोन लाइन, एक राउटर: या चुका टाळा

100 एमबीपीएसच्या दोन इंटरनेट लाइन मायक्रोटिक राउटरला लावल्या की 200 ची एक लाइन तयार होते, ही समजूत आधी डोक्यातून काढा. राउटर लाइन जोडत नाही, कनेक्शनं वाटतो. एका कनेक्शनवरून उतरणारी फाइल 100 च्या पुढे जाणार नाही. ऑफिसातल्या वीस जणांची मिळून कामं दोन लाइनवर पांगतात, एवढाच याचा फायदा, आणि तो पुष्कळ आहे.

पण गिऱ्हाइकाला स्पीडटेस्टवर 200 बघायचे असतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

स्पीडटेस्टसाठी पोर्टवर वाटणी

पीसीसी, म्हणजे पर-कनेक्शन-क्लासिफायर, पॅकेटातली काही माहिती घेऊन तिचा हॅश (त्या माहितीतून निघणारा ठरावीक आकडा) काढतो, त्याला ठरलेल्या संख्येने भागतो आणि बाकीवरून लाइन ठरवतो. काय धरून हॅश काढायचा ते आपल्या हातात असतं. ‘बोथ-अ‍ॅड्रेसेस’ (दोन्ही टोकांचे आयपी पत्ते) ठेवलं तर एका पीसीचं एका सर्व्हरशी सगळं बोलणं एकाच लाइनवरून जातं, म्हणून स्पीडटेस्ट 100 दाखवते. ‘बोथ-अ‍ॅड्रेसेस-अँड-पोर्ट्स’ (पत्त्यांसोबत पोर्ट, म्हणजे कनेक्शनच्या टोकांचे नंबरही) केलं की टेस्टची सात-आठ कनेक्शनं दोन्हीकडे पांगतात आणि काटा 190 वर जातो. गिऱ्हाईक खूश, बिल पास.

मग उजाडते 20 तारीख. सीएच्या ऑफिसात रिटर्न भरण्याची धांदल. लॉगिन होतं, दोन पानं पुढे गेलं की ‘सेशन संपले’. बँकेच्या साइटवर ओटीपी टाकला की थेट बाहेर. ब्राउझर बदलून पाहतात, कॅश साफ करतात, अँटिव्हायरस काढतात, साइटला शिव्या घालतात. साइटचा काही दोष नसतो. ब्राउझर प्रत्येक नव्या कनेक्शनला नवा सोर्स पोर्ट घेतो, त्यामुळे हॅश बदलतो आणि पुढचं कनेक्शन दुसऱ्या लाइनवरून जातं. बँकेला एकच लॉगिन दोन वेगळ्या आयपींवरून आलेलं दिसतं. चोरी झाली असं समजून ती दार लावते, आणि बरोबरच करते.

‘बोथ-अ‍ॅड्रेसेस’नेही हे पूर्ण मिटत नाही, कारण लॉगिनचा सर्व्हर एक आणि पेमेंटचा दुसरा असू शकतो. पंधराच्या वर पीसी असतील तर सरळ ‘सोर्स-अ‍ॅड्रेस’ ठेवावं. एक माणूस, एक लाइन. वाटणी थोडी वाकडी होते, पण तक्रार आली की कुठली लाइन बघायची ते लगेच कळतं. स्पीडटेस्टवर 100 च दिसतील. ते गिऱ्हाइकाला काम घ्यायच्या आधीच सांगा.

लाइन असमान असतील, समजा 200 आणि 50, तर 2/0 आणि 2/1 (दोनाने भागून बाकी 0 किंवा 1, म्हणजे निम्मं-निम्मं) लावू नका. पाच भाग करा: 5/0 ते 5/3 मोठीला, 5/4 धाकटीला.

पॅकेटागणिक लाइन बदलायची ‘युक्ती’ सांगणाऱ्यांना एकच उत्तर. नॅटने (आतल्या पत्त्याऐवजी लाइनचा आयपी लावणारी राउटरची सोय) पहिल्या पॅकेटला जो आयपी दिला तोच त्या कनेक्शनला शेवटपर्यंत राहतो. तो आयपी घेऊन पॅकेट दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर गेलं तर ते तिथेच टाकून दिलं जाण्याची शक्यता जास्त.

ओएनयूला पिंग

ओएनयू म्हणजे रस्त्यावरची फायबर जिथे येऊन लागते तो डबा. ही चूक जास्त महागात पडते, कारण ती दिसत नाही. डिफॉल्ट रूटवर (नेटकडे जाणारी नेहमीची वाट) ‘चेक-गेटवे’ पिंग लावलं, गेटवे म्हणजे ओएनयूचाच पत्ता 192.168.1.1, तपासायला राउटर आणि ओएनयूमधली लॅन केबल उपटली, नेट क्षणात दुसऱ्या लाइनवर गेलं, काम झालं म्हणून घरी.

पण लॅन केबल कधी तुटते? तुटतं ते रस्त्यावरचं फायबर. तेव्हा ओएनयूवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, पण डबा चालूच असतो आणि 192.168.1.1 पिंगला इमानेइतबारे उत्तर देत राहतो. राउटरच्या लेखी लाइन ठणठणीत. मग निम्म्या पीसींना नेट आहे, निम्म्यांना नाही. राउटर दहा वेळा रीस्टार्ट केला तरी तीच मशीनं बंद राहतात, कारण हॅश तोच. ‘माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे नाही’ असं ऐकू आलं की आधी ओएनयूचे दिवे बघा.

तपासणी ओएनयूच्या पलीकडची हवी. 8.8.8.8 (गूगलचा डीएनएस) साठी /32 चा, म्हणजे फक्त त्या एका पत्त्यापुरता, रूट पहिल्या लाइनच्या गेटवेवरून टाका, स्कोप 10. त्या लाइनच्या डिफॉल्ट रूटचा गेटवे 8.8.8.8 द्या, टार्गेट-स्कोप 11, चेक-गेटवे पिंग. दुसऱ्या लाइनला असंच 1.1.1.1 (क्लाउडफ्लेअरचा) वापरा. दर दहा सेकंदांनी पिंग जातो आणि दोन चुकले की रूट बाद होतो, म्हणजे वीसेक सेकंद धरून चाला. तपासणीसाठी घेतलेले हे पत्ते डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) म्हणून कुणालाही देऊ नका: लाइन पडली की तो पत्ता तिच्याबरोबर जातो, आणि दुसरी लाइन चालू असूनही एकही साइट उघडत नाही.

चाचणी घेताना ओएनयूतून हिरव्या टोकाची फायबर काढा. टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावू नका.

फास्टट्रॅक

मँगल नियम (पॅकेटांवर लाइनचा मार्क लावणारे, पीसीसीची वाटणी यांतच असते) अचूक, तरी दुसऱ्या लाइनवरची पानं अर्धी उघडून अडकतात. मायक्रोटिकच्या तयार फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (पॅकेटं तपासण्या टाळून वेगाने नेणारा) नियम असतो, आणि फास्टट्रॅक झालेली पॅकेटं मँगल ओलांडून जातात. पहिली काही पॅकेटं नेमलेल्या लाइनवर, बाकीची मेन राउटिंग टेबलवरून. त्या नियमात कनेक्शन-मार्क ‘नो-मार्क’ घाला, नाहीतर नियम बंद करा. मग सीपीयूवरचा भार वाढेल; टूल्समधल्या प्रोफाइलवर नजर ठेवा.

बाकीच्या, भराभर

दोन्ही ओएनयूंना 192.168.1.1 ठेवू नका, एकाला 192.168.2.1 करा.

मायक्रोटिकच्या राउटरओएसच्या व्हर्जन 6 चे नियम 7 मध्ये चिकटवू नका. 7 मध्ये राउटिंग टेबल आधी बनवून ‘फिब’ची (हे टेबल पॅकेटं पाठवायला वापरायचं, अशी) खूण करावी लागते. व्हिडिओ बघून पेस्ट करणारे इथेच अडकतात.

डीव्हीआर किंवा टॅलीसाठी पोर्ट उघडला असेल तर बाहेरून आलेल्या कनेक्शनला आल्या लाइनचा मार्क द्या, नाहीतर उत्तर भलत्या लाइनवरून जाईल. वॅन आयपी (लाइनकडून राउटरला मिळालेला पत्ता) 100.64 ते 100.127 मधला असेल तर पोर्ट उघडण्याचा नाद सोडा, तो सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला.

लाइन बदलली तरी आयपी फोन मुके राहिले, तर जुनी एसआयपी (आयपी फोनची) कनेक्शनं राउटरच्या कनेक्शन टेबलातून काढा. फोन सतत कीप-अलाइव्ह पाठवतो म्हणून ती आपोआप मरत नाहीत.

पीपीपीओईचा (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायच्या लाइनचा) एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, 1492 असतो; एमएसएस, म्हणजे त्यातल्या डेटाचा कमाल आकार, 1452 ला क्लॅम्प करा. पिंग चालतो पण काही साइट लटकतात, ते हे न केल्यानेच.

आणि दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्यात तर खाली जाऊन केबल कुठून येतात ते बघा. दोन्ही एकाच खांबावरून, एकाच डक्टमधून आल्या असतील तर जेसीबीचा एक दात दोन्ही नेतो.