प्रोटीन कायनेजचा मार्ग कसा मांडावा : पीकेएचे उदाहरण

कायनेजचा अभ्यास करताना प्रथम एक क्रिया मनात पक्की करावी: हे विकर (एन्झाइम) एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरील टोकाचा फॉस्फेट गट काढून दुसऱ्या प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लावर बसवते. त्यानंतर कोरा कागद घेऊन एकच मार्ग, म्हणजे संदेश एका रेणूकडून दुसऱ्याकडे जाण्याची साखळी, पूर्ण काढावा. सुरुवातीला पीकेए (प्रोटीन कायनेज ए) उत्तम.

विश्रांत अवस्थेत पीकेएचे दोन उत्प्रेरक उपघटक (क्रिया घडवणारे भाग) दोन नियामक उपघटकांनी (आवर घालणाऱ्या भागांनी) अडवून धरलेले असतात, हे आधी रेखाटावे. अ‍ॅड्रेनालिन पेशीपटलावरील ग्राहीला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की जी-प्रथिन या मध्यस्थामार्फत अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर जागे होते, ते बनवत असलेले चक्रीय एएमपी (पेशीतील निरोप्या रेणू) वाढते, आणि त्याचे चार रेणू नियामक जोडीला बांधले गेले की उत्प्रेरक उपघटक मोकळे होतात. येथे घाई करू नये, कारण कायनेज ‘चालू’ होणे म्हणजे बहुधा अडथळा दूर होणे, ही या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट मला वाटते.

पुढचा बाण फॉस्फोरिलेज कायनेजकडे आणि तेथून ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजकडे काढावा. त्यामुळे ग्लायकोजेनचे (पेशीतील साठवलेल्या साखरेचे) विघटन सुरू होते, तर ग्लायकोजेन बनवणाऱ्या ग्लायकोजेन सिंथेजवर बसलेला फॉस्फेट त्याची क्रिया मंदावतो. फॉस्फोरिलेजचे हे नियंत्रण उलगडल्याबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांना 1992 चे नोबेल मिळाले.

परतीचे बाण विद्यार्थी हमखास विसरतात: फॉस्फोडायएस्टरेज चक्रीय एएमपी मोडते आणि फॉस्फटेज फॉस्फेट काढून टाकते. ते वेगळ्या रंगाने काढावेत.